वाचकांचे प्रश्न : अजिंठ्याला जाण्यापूर्वी

प्रश्न : अजिंठ्याची लेणी पाहण्याची माझ्या वडिलांची फार वर्षांची इच्छा आहे. त्यांचे वय ७४ असून गुडघेदुखीमुळे पायऱ्या चढणे त्यांना जड जाते. श्रावणात जावे की थंडीत, आणि त्याच दिवशी वेरूळही उरकता येईल का, हे कळवावे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वेरूळ त्याच दिवशी उरकण्याचा बेत कृपया रद्द करावा. दोन्ही ठिकाणांत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे आणि वडिलांचा अर्धा दिवस गाडीतच जाईल. नाशिकहून रेल्वेने जळगावला उतरल्यास अजिंठा तेथून साधारण ६० किलोमीटरवर आहे. आदल्या रात्री पायथ्याच्या फर्दापूरला मुक्काम केला, तर सकाळी दरवाजे उघडताच आत जाता येईल. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावरच थांबवावी लागतात. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते.

बसमधून उतरल्यावर पहिल्या लेण्यापर्यंतचा चढ हाच वडिलांसाठी खरा कसोटीचा भाग आहे. तेथे डोली मिळते. ती घेण्यात संकोच मुळीच बाळगू नये, मात्र भाडे आधी ठरवून घ्यावे. वर पोहोचल्यावर वाघोरा नदीच्या नालाकृती वळणाला धरून कड्याच्या कडेने वाट जाते, तरी मधूनमधून पायऱ्या आहेतच. तीसही लेणी पाहण्याचा आग्रह न धरता १, २, १६, १७ आणि २६ एवढी निवडावीत. प्राचीन चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, पाहायचे असेल, तर वाटेवरचे दहावे जोडावे. ते इसवी सनपूर्व काळातले आहे.

पहिल्या लेण्यात शिरताच पुढे सरकू नये. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. मग मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डावीकडे, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू उमटू लागतो. त्याची खाली झुकलेली नजर आणि मान, कंबर व पाय यांतला बाक पाहताना घाई करणे म्हणजे इतक्या लांबच्या प्रवासावर पाणी सोडणे होय. सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची म्हणजे देहत्यागाच्या क्षणाची मूर्ती आहे. तिच्या खालच्या बाजूला शोकाकुल शिष्य कोरलेले आहेत. त्यांचे चेहरे एकेक करून पाहावेत, असे मी आवर्जून सुचवेन.

ऋतूबाबत सांगायचे, तर श्रावणात दरी हिरवीगार असते, वाघोरा दुथडी वाहते आणि सप्तकुंडाचा धबधबा जोरात असतो. निसर्गासाठी यापेक्षा चांगला काळ नाही. परंतु ओल्या दगडी पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना धोक्याच्या असतात, म्हणून वडिलांना घेऊन जाताना डिसेंबर किंवा जानेवारी निवडावा. समोरच्या डोंगरावरील व्ह्यू पॉइंट तरुण मंडळींनी एखाद्या पावसाळ्यात स्वतंत्रपणे गाठावा. १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, ती याच बाजूने, असे सांगितले जाते.

प्रश्न : लेण्यांत छायाचित्रे काढता येतात का, आणि सुट्टीचा वार कोणता?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फ्लॅश न वापरता काढता येतात. ही बंदी मनापासून पाळावी, कारण भुसा व गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन त्यावर ही चित्रे रंगवलेली आहेत. प्रखर प्रकाश, दमटपणा आणि गर्दीचा श्वाससुद्धा त्यांना बाधतो. त्याच कारणाने चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. सोमवारी अजिंठा बंद असते आणि मंगळवारी वेरूळ. तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीला निघणार असाल, तर सोमवारी वेरूळ पाहून मंगळवारी अजिंठ्याला जावे.