सॉकेट फुकट, पिना विकत?

प्रश्न : मॅडम, वसईत आमचा छोटा गाळा आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी झटकन काढता-घालता येईल असं प्लग-सॉकेट आम्ही बनवलं, त्याचं पेटंटही मिळालं. भाईंदरचा एक कारखानदार आता परवाना मागतोय. भाचा म्हणतो, टेस्लासारखं सगळ्यांनाच फुकट देऊ. थोरला भाऊ म्हणतो, मग पेटंटवर खर्च कशाला केला? त्यात लागणाऱ्या सिल्व्हर प्लेटिंगच्या (चांदीचा मुलामा दिलेल्या) पिना मात्र आमच्यासारख्या कोणी करत नाही. काय करावं?
— एक वाचक, वसई

उत्तर : उद्या दहा कारखान्यांनी हेच सॉकेट बनवायला घेतलं, तर तुमच्या गाळ्यातून जास्त काय खपेल? पिना, असं उत्तर असेल तर भाचा बरोबर. सॉकेट विकूनच घर चालत असेल तर भाऊ बरोबर. अंधेरीला माझ्या ऑफिसात ‘खुलं करायचंय’ म्हणत येणाऱ्या बहुतेकांकडे अशा पिना नसतात, म्हणून मी त्यांना चहा पाजून परत पाठवते.

भाच्याने टेस्लाची गोष्ट अर्धीच सांगितली. २०१४मध्ये कंपनीने पेटंट सोडली नाहीत. सद्हेतूने वापरणाऱ्यावर दावा लावणार नाही, एवढंच जाहीर केलं. हुबेहूब नक्कल विकणारा त्यात बसत नाही. तुमच्या कामाची गोष्ट पुढची आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये टेस्लाने चार्जिंग प्लगची रचना खुली केली, मे २०२३मध्ये फोर्डने तो प्लग घ्यायचं ठरवलं. फोर्डची गाडी टेस्लाच्या चार्जरला लागली की पैसे टेस्लाला! टोयोटानेही २०१९मध्ये हायब्रिड गाड्यांच्या तंत्राची सुमारे २४ हजार पेटंट २०३०पर्यंत फुकट वापरू दिली, पण तांत्रिक मदत हवी तर तिचे पैसे मोजायचे. दानधर्म यात फारसा नाही.

भावाला सांगा, खर्च वाया जात नाही. पेटंट हातात आहे म्हणूनच अटी घालता येतात. नूतनीकरणाचं शुल्क भरायचं थांबलात की पेटंट गेलं, अटीही गेल्या. पेटंटच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणाऱ्या भागात, प्लग-सॉकेटच्या दोन्ही बाजू वेगळ्या लिहिल्या असतील, तर स्कूटरकडची बाजू खुली करा, बॅटरीकडची राखा. प्लेटिंगची कृती पेटंटात नसेल तर ती गाळ्याबाहेर जाऊ देऊ नका. आणि सगळं लेखी हवं. असोसिएशनच्या जेवणात ‘वापरा हो बिनधास्त’ म्हटल्याने परवाना होत नाही. पेटंट कायद्याचं कलम ६८ दस्त मागतं.

एक मोह टाळा. ‘परवाना फुकट, पण पिना आमच्याकडूनच घ्यायच्या’ असं कलम करारात घालावंसं वाटेल. पेटंटबाहेरचा माल आमच्याकडूनच घ्या, ही सक्ती कलम १४० बेकायदा ठरवतं. पिना दरावर आणि दर्जावरच खपल्या पाहिजेत. म्हणून कराराचा मसुदा करण्याआधी भाईंदरला पिनांचे नमुने आणि दरपत्रक पाठवा. ‘पिना आम्हीच करू’ असं तिकडून उत्तर आलं, तर भाच्याला जरा थांबायला सांगा.