वॅक्सआधी रंग साफ कशाने करू?

प्रश्न : सात वर्षांची पांढरी गाडी रोज कल्याण स्टेशनजवळ उभी असते. वॅक्स लावायचंय. दुकानदार म्हणतो, आधी रबिंग कंपाउंड मारा. मारू का?

उत्तर : थांबा! कंपाउंड घासून रंग खातं. वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून बारीक. बॉनेटच्या कडेला तो मी स्वतःच्या हाताने घालवलाय. तो डाग अजून डोळ्यांत खुपतो.

गाडी धुऊन वाळवा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवा; नुसत्या हाताला न कळणारी खरखर लगेच कळेल. नारिंगी ठिपके दिसतात का? रुळांजवळ उभ्या गाडीवर ते बहुधा लोखंडाच्या कणांचे. त्यांना आयर्न रिमूव्हर मारा. जांभळे ओघळ आले की घाबरू नका, औषध लागू पडलंय. मात्र सावलीत, पत्रा गार असताना मारा, आणि पत्र्यावर वाळायच्या आत धुवा.

डांबराला टार रिमूव्हर. जुनं वॅक्स आणि मळकटपणा घालवायला क्लीनर घेताना बाटलीवर 'कट' किंवा 'स्वर्ल रिमूव्हर' असेल तर परत ठेवा; त्यातही रंग घासणारे कण असतात. बोटांत चोळून ते कण कळतील, या भ्रमात राहू नका.