पिट्सबर्गची भिशी आणि आदाशाचे रोडगे

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई दोन वर्षांपासून अमेरिकेत पिट्सबर्गला आहेत. शेजारच्या आजींनी त्यांच्यामागे लकडा लावलाय, की आमच्या हंगेरियन मंडळाचे सभासद व्हा. सभासद व्हायचं म्हणजे मंडळाची विमा पॉलिसी घ्यायची. मग सहली, बोलिंगच्या स्पर्धा, पोरांना शिष्यवृत्ती. शेकोटीवर डुकराची चरबी भाजून खातात म्हणे! आम्ही शाकाहारी, आणि हंगेरीशी आमचा संबंध शाळेतल्या नकाशापुरता. मुलगी म्हणते, "आई, माणसं फार चांगली आहेत गं." मला हा भिशीवाल्यांचाच प्रकार वाटून राहिला. पैसे बुडतील का?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, "माणसं फार चांगली आहेत" असं कुणी म्हटलं की माझा हात आधी खिशाकडे जातो. ३१ वर्षं नागपुरात विमा विकला, विकणारे तयार केले, आता ही खोड काही जायची नाही. पण तुमची भीती या बाबतीत अर्धीच खरी आहे.

आजी म्हणतात ते मंडळ बहुतेक विल्यम पेन असोसिएशन असावं. त्याची मुख्य कचेरी पिट्सबर्गच्या परिसरातलीच. अशा संस्थांना तिकडे फ्रॅटर्नल बेनिफिट सोसायटी म्हणतात. विम्याच्या परीक्षेसाठी हा शब्द मी घोकला होता. मार्क मिळाले, अर्थ फार उशिरा कळला. तिथे भागधारक नसतात. पॉलिसी घेतली की तुम्ही सभासद. सभासदांच्या शाखा असतात, शाखा प्रतिनिधी निवडतात आणि वर्षअखेर जे उरतं ते सहलीला, शिष्यवृत्तीला, अडल्यानडल्याच्या मदतीला जातं. म्हणून तिथलं सरकार या संस्थांना प्राप्तिकर माफ करतं. मात्र शाखा, सभा, निवडणूक हे सगळं खरोखर चालू असायला लागतं. त्यामुळे शेजारच्या आजींना नुसती हौस आहे असं समजू नका. शाखेत माणसं आली नाहीत तर शाखा राहत नाही.

याची सुरुवात ऐका, कारण आपल्याकडच्या खाणपट्ट्यातल्या वाचकांना ती ओळखीची वाटेल. २१ फेब्रुवारी १८८६, पेन्सिल्व्हेनियातलं हेझलटन नावाचं कोळशाचं गाव. तेरा हंगेरियन खाणमजूर जमले आणि त्यांनी मदत मंडळ काढलं. नाव दिलं द्यूला व्हेरहोवाई या मायदेशातल्या पुढाऱ्याचं, जसं आपण वाचनालयाला टिळकांचं देतो. पूर्ण नाव 'व्हेरहोवाई शेगेय एद्यलेत'. हंगेरियनमध्ये 'शेगेय' म्हणजे मदत आणि 'एद्यलेत' म्हणजे मंडळ. इतकं साधं नाव. खाणीत छत बसलं, पाय गेला, माणूस गेला, तर मालकाने भरपाई द्यायचा कायदा पेन्सिल्व्हेनियात झाला १९१५ साली. तोवर विधवेच्या घरात चूल पेटायची ती असल्या मंडळांच्या आणि शेजाऱ्यांच्या जिवावर. १९ डिसेंबर १९०७ ला त्याच राज्यात जेकब्स क्रीकजवळच्या डार खाणीत स्फोट झाला. २३९ माणसं गेली, त्यांत हंगेरियन पुष्कळ. कितीतरी प्रेतं ओळखूही आली नाहीत. असल्या गावात सभासद करायला जाहिरात लागत नसणार, हे उमरेड किंवा सिलेवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जाहिरात लागायला लागली पुढे. १९२४ मध्ये अमेरिकेने परदेशी माणसांच्या येण्यावरचा कोटा फार आवळला. हंगेरीच्या वाट्याला वर्षाला ४७३ माणसं. बस! जहाजातून उतरणारा नवा सभासद संपला. होते त्यांची मुलं इंग्रजी बोलायला लागली, नातवंडांना आजीची भाषा शिव्यांपुरती कळायची. (सिकंदराबादला वाढलेल्या आपल्या नातवंडांचं काय वेगळं आहे?) तेव्हा या लोकांनी केलं काय, तर १९५५ मध्ये ब्रिजपोर्टच्या राकोत्सी या दुसऱ्या हंगेरियन मंडळाशी विलीनीकरण केलं आणि दोन्ही हंगेरियन नावं खाली ठेवून विल्यम पेनचं नाव घेतलं. हा पेन म्हणजे पेन्सिल्व्हेनिया वसवणारा इंग्रज, त्याचा हंगेरीशी काडीचा संबंध नाही. मी याकडे विमेवाल्याच्या नजरेनं बघतो. घराण्याचं नाव उतरवून गावाचं लावलं, म्हणजे दार गावाला उघडलं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, हंगेरीतला उठाव रशियाच्या रणगाड्यांनी चिरडला आणि हजारो निर्वासित अमेरिकेत पोचले, हा दैवाचा खेळ. पण नाव त्यांनी परत बदललं नाही. आज तुमचा जावई नागपूरकर असून त्याला बोलावणं येतं, ते त्या उघड्या दारातून.

आता त्या चरबीचं. त्याला सॉलोन्नाशुतेश म्हणतात. सॉलोन्ना म्हणजे डुकराच्या चरबीचा धुरी दिलेला जाड तुकडा. तो लांब काडीला खोचून निखाऱ्यावर धरायचा, वितळून थेंब गळायला लागले की ते ब्रेडच्या कापावर झेलायचे, वर कांदा, टोमॅटो, मिरची, लाल पापरिका. पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा ब्रेडवर. घाईचं काम नाही ते. तास-दीड तास माणसं आगीभोवती बसून असतात आणि तेवढ्यात कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा बदलला, हे सगळं निघतं. विल्यम पेनवाल्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्याच रॉकवुडजवळ डोंगरात याचे मोठे मेळावे भरवलेत. मुलीला सांगा, जा खुशाल, ब्रेडवरचं ते तूप नव्हे एवढं लक्षात ठेव.

पैशाचं सांगतो. भिशीवाला उद्या पसार होतो तसं इथे होत नाही, कारण या संस्थांवर त्या-त्या राज्याच्या विमा खात्याची देखरेख असते. पण दोन गोष्टी आजी सांगणार नाहीत. एक, साधी विमा कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी मदतीला येतो, फ्रॅटर्नल संस्थेला तो बहुतेक राज्यांत लागू नसतो. दोन, गंगाजळी आटली तर सभासदांकडून जादा रक्कम मागायचा अधिकार संस्थेला असतो. तो पॉलिसीत लिहिलेला असतो, बारीक अक्षरात. घाबरायचं कारण नाही, वाचायचं कारण आहे. जावयाचा मोठा विमा, म्हणजे घराच्या कर्जाइतका, साध्या मुदत विम्यात चार कंपन्यांचे दर बघून घ्यावा. मंडळाची एक छोटी पॉलिसी घ्यावी, सभासदत्वाची वर्गणी समजून. आणि दोन-चार वर्षांत परत यायचा विचार असेल तर बचतीची लांबलचक पॉलिसी मुळीच नको. इथे बसून डॉलरात हप्ते भरताना मी लोकांना रडताना पाहिलंय.

प्रश्न : आम्ही कोळसा खाणीतून निवृत्त झालेले ८० जण उमरेडला राहतो. कुणी वारलं की प्रत्येकाने ५०० रुपये काढायचे आणि घरच्यांना ४० हजार द्यायचे, असा ठराव करतोय. नियमावली करून द्या.
— एक निवृत्त ओव्हरमन, उमरेड

उत्तर : नाही देणार, साहेब. रागावू नका, कारण सांगतो.

तुमची कल्पना नवी नाही. १८६८ साली पेन्सिल्व्हेनियातल्याच मीडव्हिल गावात जॉन अपचर्च नावाच्या गृहस्थाने हेच सुरू केलं होतं. सभासद गेला की बाकीच्यांनी एकेक डॉलर काढायचा. शेकडो मंडळांनी त्याची नक्कल केली आणि पुढे त्यांतली कितीतरी बसली. तिशीतल्या माणसाने आणि साठीतल्या माणसाने सारखीच वर्गणी द्यायची, हे तिशीतल्याला लवकर कळतं. तो येत नाही. राहतात म्हातारे, त्यांच्यात मरणं वाढतात. मरणं वाढली की वर्गणी वाढते, मग उरलेलेही निसटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांनी कायदे करून वयाप्रमाणे दर आणि राखीव निधी सक्तीचा केला. ज्यांनी ते ऐकलं ती मंडळं टिकली.

तुमचाच हिशेब घाला. आज ८० जण, वर्षाला एखादं दुःख, ५०० रुपये कुणाला जड नाहीत. पंधरा वर्षांनी उराल पन्नास, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. वर्षाला चार गेले तर प्रत्येकी दोन हजार भरायचे आणि घरच्यांच्या हातात पंचवीस हजारही पडणार नाहीत. ज्याने सगळ्यात जास्त वेळा भरलं, त्याला सगळ्यात कमी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या कॉलनीत १९९४ ला असाच मदत निधी काढला होता, ११२ घरं, ५० रुपये. वही माझ्याकडे, कारण मी विमेवाला! पहिल्या वेळी संध्याकाळच्या आत सगळ्यांचे पैसे आले, कुणी तर शंभर देऊन उरलेले परत घेतले नाहीत. बारा वर्षांनी वहीत २३ नावं राहिली. शेवटी जे गेले ते बाराही वर्षं न चुकता भरणारे. त्यांच्या मुलाला मी ११५० रुपयांचं पाकीट नेऊन दिलं. त्याने मोजलं नाही, तसंच खिशात घातलं. मी मोजलेलं होतं. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, बाहेर काढायची हिंमत होत नाही.

शिवाय ठराविक रकमेचं वचन देऊन वर्गणी घेणं म्हणजे विम्याचा धंदाच झाला, आणि तो नोंदणीकृत विमा कंपनीशिवाय कुणाला करता येत नाही. तेव्हा ठरावातून '४० हजार' हा आकडा काढा. 'ऐपतीप्रमाणे मदत' एवढंच ठेवा. सत्तरीच्या आतले असतील त्यांनी बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा घ्यावा, वर्षाला २० रुपये, अपघाताला दोन लाख. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत मिळतो, पण त्यात पन्नाशीपर्यंतच शिरता येतं. तो तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलांसाठी. बैठक बोलवालच तर मुलांना घेऊन बोलवा आणि तिथल्या तिथे फॉर्म भरून घ्या.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या मंडळाला नवीन सभासद मिळत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मची लिंक टाकली. २१४ जणांनी पाहिली, तिघांनी भरला. त्यातला एक माझा मेहुणा. काय करावं?
— सचिव, मनीषनगर

उत्तर : मेहुण्याला धरून तिघे, म्हणजे दोन.

तुम्ही लिंक टाकली, गेलात कुठे? मी नवा होतो तेव्हा आमचे साहेब मला सायकलच्या दांड्यावर बसवून इतवारीत न्यायचे. त्यांचा नियम असा, की त्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय पिशवीतून फॉर्म काढायचा नाही. पाणी येईस्तोवर घर बघायचं. भिंतीवर कुणाचा फोटो आहे, पोरं किती, म्हातारी खोकते का. एकदा एका घरी पाण्याऐवजी भांडण आलं, नवरा-बायकोचं. साहेब अर्धा तास ते सोडवत बसले आणि फॉर्म न काढताच उठले. दिवाळीनंतर तो माणूस आपणहून ऑफिसात आला, भावालाही घेऊन.

पहिल्या प्रश्नातल्या पिट्सबर्गच्या आजी तरी दुसरं काय करताहेत? त्यांच्या संस्थेकडे नियतकालिक आहे, वेबसाइट आहे. तरी दार वाजवलं ते आजींनीच.

तुमच्याकडे चरबी नाही, पण रोडगे आहेत. एखाद्या रविवारी नागपूरजवळच्या आदाशाला, गणपतीच्या देवळाकडे, न्या सगळ्यांना. सभासद असो-नसो, वर्गणीचा विषयही काढू नका. कणकेची पोळी लाटून, तूप लावून, गोळ्यावर गोळा गुंडाळायला चार हात लागतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ते उलटवायला आणखी चार. रोडगे भाजायला दीड तास जातोच, आणि भाजताना मोबाइलला हात लावता येत नाही, बोटं राखेची असतात. रोडगा फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही अंगठ्यांनी फोडायचा, वाफ निघाली की तुपात बुडवायचा. वांग्याची भाजी कोण करणार यावरून दोन गट पडतील. पडू द्या, दोन्ही गटांना करायला लावा.

फॉर्म पिशवीत असू द्यात, पण परतीच्या बसमध्ये काढा. आणि गोवऱ्या नागपुरातूनच न्या, शंभराला दहा जास्त. ओल्या निघतात.