रानफुलांचं सरबत करायचंय? पळसापासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की शेताच्या बांधावर, रानात फुलणाऱ्या फुलांचं थंड सरबत घरी करता येतं का आणि कोणती फुलं घ्यावीत. मी विदर्भातला, त्यामुळे माझं उत्तर पळसच असणार.

आधी झाड नीट ओळखा. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण इथे कामाची नाही. एकतर फुलोऱ्याच्या दिवसांत झाडावर पान जवळजवळ नसतंच, आणि दुसरं म्हणजे त्याच सुमारास लालभडक फुलणाऱ्या पांगाऱ्यालाही तीन-तीनचीच पानं. खोडाला, फांद्यांना हात लावून बघा. पांगाऱ्याला काटे असतात, पळसाला नसतात. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात ते त्यामुळेच.

शिमग्याच्या आसपास सकाळी झाडाखाली ताज्या फुलांचा सडा असतो. तोडायची गरज नाही, वेचा. डांबरी रस्त्याकडेची आणि फवारणी झालेल्या शेताजवळची मात्र नकोत. घरी आणल्यावर थोडा वेळ सुपात पसरून ठेवा. आत मध असतो, मुंग्या असतातच, त्या आपोआप निघून जातात.

आता खरं काम. फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते, ती काढून टाका. आतले केसरही काढा, फक्त पाकळ्या ठेवा. पहिल्या वर्षी मी कंटाळा केला, अख्खी फुलं पातेल्यात घालून खळखळ उकळली. रंग झकास आला, पण घोट घेतल्यावर पाहुण्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. कडूतुरट काढा झाला होता. तेव्हापासून उकळणं बंद.

दोन मुठी पाकळ्या धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. मातीचं भांडं असेल तर उत्तम, नसेल तर काचेचं किंवा स्टीलचं. सकाळी पाणी पिवळं-केशरी होतं. फडक्यातून गाळा (फडकं जुनंच घ्या, डाग सहज जात नाही), तीन-चार चमचे खडीसाखर विरघळवा, चिमूटभर मीठ घाला. लिंबू पिळलंत तर रंग फिका पडतो, घाबरू नका. होळीच्या रंगात हीच फुलं चुना घालून गडद करतात, त्याच्या नेमकं उलटं इथे होतं. रंग हवा असेल तर लिंबू ग्लासात, अगदी पिताना पिळा.

चवीबद्दल खरं सांगतो, गुलाबासारखा घमघमाट यात नाही. किंचित तुरट, हलकं पाणी आहे. मला तेच आवडतं. माझ्या पुतण्याला ते 'रंगीत साखरपाणी' वाटतं आणि त्याचंही अगदी चूक नाही. त्याच्यासाठी मी थोडा पुदिना चुरडून घालतो.

अडचण एकच. ऊन खरं तापतं मे महिन्यात, आणि तोवर पळस फुलून संपलेला असतो. म्हणून पाकळ्या सावलीत कडकडीत वाळवून बरणीत भरून ठेवा. वाळलेल्या असतील तर एक मूठ पुरते. बाजारात रंगपंचमीसाठी विकायला येणारी वाळकी फुलं पिण्यासाठी वापरू नका. ती कुठून वेचली, कशी साठवली, काही कळत नाही. केलेलं सरबत फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. पहिल्यांदा अर्धा ग्लासच घ्या. आमच्याकडे गर्भवतीला हे देत नाहीत, मीही देणार नाही.

मोहाच्या फुलांचंही विचाराल. ती जात्याच गोड, साखर लागत नाही. पण पहाटे पडलेली तेव्हाच वेचून लगेच वापरावी लागतात. पाण्यात घालून विसरलात तर सरबताऐवजी भलतंच काहीतरी तयार होईल.

बहावा, कण्हेर वगैरे दिसायला सुंदर फुलं या कामात आणू नका. कण्हेर तर सगळीच विषारी आहे.