थंडी ‘बहरत’ नाही

ऐरोलीहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. फेब्रुवारी सरत आला तरी ठाणे-नवी मुंबईत पहाटे पंखा बंद करावा लागतो, आणि अशातच त्यांनी बातम्यांमध्ये ‘ठाण्यात थंडी बहरली’ असं ऐकलं. हे बरोबर आहे का? नसेल तर थंडी ‘लांबली’ म्हणावं की ‘रेंगाळली’?

‘थंडी बहरली’ हे चूक आहे. हल्ली हे सारखं कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. मराठीत थंडी पडते, वाढते, बोचते, झोंबते, अंगात भरते. गारठा पडतो, हुडहुडी भरते, माणसं काकडतात. एवढं सगळं हाताशी असताना बहर कशाला हवा? बहर झाडाला येतो. मैत्री बहरते, गाणं बहरतं, तेही चालतं, कारण तिथं काहीतरी मिटलेलं असतं आणि ते उमलतं. थंडीत उमलायला काय आहे? शिवाय मराठी इतकी चोखंदळ की प्रत्येक झाडालाही ती सरसकट बहर देत नाही. आंब्याला आणि काजूला मोहोर, उसाला तुरा, शेवग्याला फुलोरा, चिंचेला कोवळा चिगूर. बहर म्हणायचा तो मोगऱ्याचा, पारिजातकाचा, संत्र्या-मोसंबीचा.

पण खरी गंमत शब्दाच्या पोटात आहे. बहर म्हणजेच वसंत! अर्थाने जवळचा वगैरे नव्हे, जन्माने तोच शब्द. बहर आणि बहार ही दोन्ही रूपं फारसी ‘बहार’वरून आली, आणि फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू. त्याआधीच्या पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, हा शब्द ‘वहार’ असा होता. त्याही मागे गेलं तर इराणच्या दारयवहु (डरायस) राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, इ. स. पू. 520 च्या सुमारास, एका महिन्याचं नाव येतं: ‘थूरवाहर’. अर्थ साधारण ‘जोरकस वसंताचा महिना’, आणि तो पडतो एप्रिल-मेमध्ये. आता या ‘वाहर’मधला ‘ह’ काढून तिथं ‘स’ ठेवा. संस्कृतचा ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो, हे सिंधू-हिंदूमुळे सगळ्यांना माहीत आहे. सप्तचा हफ्त झाला आणि त्याच हफ्त्यापासून आपण दरमहा बँकेत भरतो तो हप्ता आला. सुरुवातीचा ‘व’ फारसीत ‘ब’ होतो: वाताचा ‘बाद’, विंशतीचा ‘बीस्त’, आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या ‘वफ्र’चा बर्फ. म्हणजे वसर, वहार, बहार. मूळ एकच. आपल्याकडच्या फांदीवर शेवटी ‘न’ आला आणि वसंत झाला, इराणी फांदीवर ‘र’ आला आणि बहार झाला. लॅटिनमधला ‘वेर’, रशियनमधला ‘वेस्ना’ हे त्याच घरचे. लिथुआनियनमध्ये ‘वासारा’ आहे, तिथं त्याचा अर्थ उन्हाळा.

तेव्हा ‘थंडी बहरली’ म्हणणारा माणूस, शब्द उकलून पाहिला तर, ‘हिवाळ्याला वसंत आला’ असं म्हणत असतो.

इथं माझं एक मत मांडतो, आणि ते मी अनेक वर्षं मांडत आलोय. संस्कृतात ‘वस्’ धातू एक नाही. एक राहण्याचा, त्याच्यापासून वस्ती; एक नेसण्याचा, त्याच्यापासून वस्त्र; आणि एक उजळण्याचा, त्याच्यापासून उषा. पाठ्यपुस्तकी व्युत्पत्ती वसंताला राहण्याच्या ‘वस्’ला बांधते, म्हणे या ऋतूत काम, म्हणजे मदन, वस्तीला येतो. मला ते पटत नाही. काम काय, वस्तीला कुठल्याही ऋतूत येऊ शकतो. उजळण्याचा धातू घ्या, म्हणजे वसंत ही वर्षाची पहाट ठरते, आणि ‘वासर’ म्हणजे दिवस, हाही शब्द शेजारी येऊन बसतो. रथसप्तमीपासून ऊन तापायला लागतं, दिवस मोठा होतो, मग पालवी येते. आधी उजेड, मग फुलं. शब्दातही तोच क्रम आहे.

काही संस्कृतनिष्ठ मंडळी बहर हा ‘भर’वरून आला असं ठासून सांगतात. त्यांना एवढंच विचारावं, की भर मराठीत भरणं, भरती, भरघोस अशा घरोघरच्या शब्दांत जसाच्या तसा नांदतोय, तो एकाच ठिकाणी फुटून ‘ब’ आणि ‘ह’ का झाला? आणि बहारमधला दीर्घ ‘हा’ कुठून आला? बहारदारमधला ‘दार’ कुठला? उत्तर मिळत नाही. दुसरी बाजू भाषाशुद्धीवाल्यांची. बहर परका म्हणून तो टाकून सगळीकडे ‘फुलोरा’ लिहा, असा त्यांचा आग्रह. बहर टाकणं म्हणजे वसंताचा सख्खा भाऊ घराबाहेर काढणं आहे. कोकणातल्या कलमाची एक फांदी घ्या: हापूस नाव पोर्तुगीज, कलम अरबी, आणि मोहोर तेवढा घरचा. यातलं काय काय तोडणार?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. बहर म्हणजे वसंत, तर मग फळबागांतले मृग बहार आणि हस्त बहार कसे? एक जून-जुलैचा, दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आक्षेप रास्त आहे, पण उत्तर फारसीतच आहे. तिथंच ऋतूचं नाव फुलांना लागलं होतं: ‘बहार-नारंज’ म्हणजे नारिंगाच्या जातीची फुलं. संस्कृतातही वसंताला कुसुमाकर म्हणतात. आपल्याकडे बागाईतदारांनी तो अर्थ उचलला आणि नक्षत्रांच्या नावांनी बहार वाटून घेतले. विदर्भातला संत्र्याचा जानेवारी-फेब्रुवारीतला बहार ‘आंबिया’, कारण तेव्हाच आंबा मोहोरतो.

हा आंबिया बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडून त्याची वाढ थांबवायची. आंबियाच्या वेळी हा ताण बराचसा थंडीच देते. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात झाड विसावतं, आणि थंडी ओसरून पाणी मिळालं की फुलतं. थंडीचं आणि बहराचं नातं हे असं आहे. थंडी बहर आणते, स्वतः बहरत नाही.

मात्र वेळेवर निघाली नाही तर नुकसानही करते. उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेले की मागून उत्तरेचे गार वारे कोकणापर्यंत उतरतात, आणि फेब्रुवारीतही रात्री थंड राहतात. हापूसला मोहोर यायला रात्रीची थंडीच लागते. पण ती गेलीच नाही तर झाड पुन्हा मोहोरतं. एकाच डहाळीला वाटाण्याएवढ्या कैऱ्या लागलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारून नवा मोहोर फुटतो. झाडाचं सगळं सत्त्व नव्या मोहोराकडे जातं, कैऱ्या पिवळ्या पडतात आणि गळतात. याला ‘पुनर्मोहोर’ म्हणतात. शब्द कृषी विद्यापीठातला, पण आता बागाईतदारांच्या तोंडी रुळलाय. वाशीच्या फळबाजारात अशा वर्षी एकच वाक्य ऐकू येतं: ‘थंडी लांबली, माल पुढं गेला.’

तिथं कुणी ‘बहरली’ म्हणत नाही.

‘लांबली’ या शब्दात एक मेख आहे, तेवढी सांगतो. जूनमध्ये ‘पाऊस लांबला’ म्हणजे तो आलाच नाही. ऑक्टोबरात ‘पाऊस लांबला’ म्हणजे तो जात नाही. पेरण्या लांबतात तेव्हा त्या पुढं ढकलल्या जातात, भाषण लांबतं तेव्हा ते संपत नाही. त्यामुळे ‘थंडी लांबली’ याचा नोव्हेंबरातला अर्थ एक आणि फेब्रुवारीतला नेमका उलटा. महिना वाक्यात असेल तर काही घोटाळा होत नाही. नसेल तर ‘थंडीचा मुक्काम वाढला’ लिहावं, ते निःसंदिग्ध आहे. ‘रेंगाळली’ही चालेल, पण जपून. रेंगाळणाऱ्याचं काम झालेलं असतं, जायची वेळ टळलेली असते आणि तरी पाय निघत नाही. फेब्रुवारीच्या अखेरच्या पहाटेला तो शब्द शोभतो. जानेवारीत तो वापरू नये. तेव्हा थंडी तिच्या हक्काच्या दिवसांत असते.