पहिली-दुसरीच्या मुलांना नाणी शिकवताना

तुम्ही पहिलीचा वर्ग नव्यानेच घेत आहात, म्हणून सुचवतो की मुलांना वीसपर्यंतच्या वस्तू नीट मोजता येऊ लागल्याखेरीज नाण्यांकडे वळू नये. मणी मोजताना एक वस्तू म्हणजे एकच असते, पण पाचाचे एकटे नाणे पाच रुपये असते, हे मुलांना चटकन पटत नाही आणि तीन नाणी दिसली की ती सरळ ‘तीन रुपये’ म्हणतात. त्यातच जुना स्टीलचा रुपया पिवळ्या पाचाच्या नाण्यापेक्षा आकाराने मोठा असल्यामुळे मूल त्यालाच अधिक किमतीचा समजते. म्हणून चित्रांऐवजी खरी नाणी घ्यावीत, पाचाच्या नाण्याशेजारी एकेक रुपयाची पाच नाणी मांडून घ्यावीत आणि ही अदलाबदल कंटाळा न करता पुष्कळ दिवस चालू ठेवावी. रुपयाखालच्या पैशांचा विषय सध्या नकोच. चार आणे तर २०११ मध्येच चलनातून गेले.

मोड परत देणे वजाबाकीने सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सात रुपयांच्या पेन्सिलीसाठी दहाचे नाणे आले, तर दुकानदार झालेल्या मुलाने पेन्सिल देताना ‘सात’ म्हणावे आणि गिऱ्हाइकाच्या हातावर एकेक रुपया ठेवत ‘आठ, नऊ, दहा’ असे पुढे मोजावे. शाळेच्या बाजारदिनातही किमती दहाच्या आतच ठेवाव्यात, नाहीतर हिशेब पालकच उरकतात. तास संपल्यावर मात्र नाणी मोजूनच डब्यात ठेवावीत, कारण या वयाची काही मुले ती तोंडात घालतात.