ट्रकचा परवाना कोल्हापुरात निघेल का?

प्रश्न : मी अथणीचा. कामासाठी गोकुळ शिरगावला राहायला आलोय. कारचा परवाना कर्नाटकातला, आठ महिन्यांपूर्वीचा. ट्रक चालवण्याचा परवाना इथे मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण अजून चार महिने थांबा. हलक्या वाहनाचा पक्का परवाना मिळून एक वर्ष झाल्याशिवाय ट्रकचा शिकाऊ परवाना देत नाहीत. पुष्कळ जण हे वर्ष शिकाऊ परवान्यापासून मोजतात आणि अर्ज परत येतो. वयाची २० वर्षेही पूर्ण हवीत.

आधी आधारवरचा पत्ता इथला करून घ्या, मग 'सारथी' या सरकारी परवाना संकेतस्थळावर अर्ज भरा. डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ (वैद्यकीय दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ (प्रशिक्षणाचा दाखला) लागतो. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी देता येते. सहा महिन्यांत ती उरका. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा, तीनदा झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्येच गेली, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

तोवर रिकामं बसायची गरज नाही. मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेला छोटा टेम्पो तुमच्या आत्ताच्या परवान्यावर चालतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला आहे. वजन आरसी बुकात बघा, मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.